वेर्ण्याच्या प्लांटने चार महिन्यांपूर्वी नकार दिला, आता तीच जागा पुन्हा निघाली आहे. अर्ज करावा का?

कुंडई_क्यूसी

नमस्कार मंडळी. प्रश्न नेमका मांडते, म्हणजे सल्लाही नेमका मिळेल.

शिक्षण एमएस्सी, ॲनालिटिकल केमिस्ट्री, गोवा विद्यापीठ. कुंडई वसाहतीतल्या एका लहान फॉर्म्युलेशन युनिटमध्ये क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, तीन वर्षं. रोजचं काम म्हणजे कच्चा माल आणि तयार गोळ्यांचं टेस्टिंग: यूव्ही, कार्ल फिशर (पाण्याचं प्रमाण), डिसोल्यूशन (गोळी ठरल्या वेळात किती विरघळते), एचपीएलसी या उपकरणावर ॲसे (औषधाचं प्रमाण).

वेर्ण्यातल्या एका निर्यात करणाऱ्या कंपनीत क्यूसी ऑफिसरच्या जागेसाठी चार महिन्यांपूर्वी अर्ज केला होता. एचआरचा फोन, लेखी पेपर आणि मग क्यूसी मॅनेजर व क्यूएचे (गुणवत्ता हमी विभागाचे) एकजण असं पॅनल, इतके टप्पे झाले. दहा दिवसांनी ईमेल आली: सध्या पुढे नेत नाही, माहिती आमच्याकडे ठेवतो. कारण लिहिलेलं नाही. पॅनलमध्ये दोन प्रश्नांवर उत्तर ढिलं पडलं, डिसोल्यूशनचे टप्पे आणि ओओएस (मर्यादेबाहेरचा निकाल) आल्यावर पहिल्यांदा काय करायचं.

गेल्या रविवारी तीच जाहिरात पुन्हा आली आहे. पद तेच, अनुभव 2 ते 5 वर्षं. माझे प्रश्न:

इतक्या लवकर पुन्हा अर्ज केला तर वाईट दिसतं का? आधी नाकारलं होतं हे सांगायचं की नाही? नवा ईमेल आयडी वापरून गेलेलं बरं का? आणि एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो की त्याच प्लांटमध्ये तो मला लावून देईल. त्या वाटेने जाणं शहाणपणाचं आहे का?

---

मडगाव_भरती

चार महिने झाले की सहा, हा नंतरचा प्रश्न. आधी पाहायचं ते तुम्हाला कुठल्या टप्प्यावर थांबवलं.

मोठ्या कंपन्यांच्या भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक उमेदवारापुढे सहसा दोन नोंदी असतात. एक, तो कुठवर पोचला. दोन, का थांबवला. दुसरी नोंद तयार यादीतून निवडायची असते: अनुभव कमी, तांत्रिक तयारी अपुरी, पगाराची अपेक्षा जास्त, नोटीस पिरियड लांब, दुसरा उमेदवार सरस, कागदपत्रांत तफावत, मेडिकल. तुम्हाला आलेली ईमेल छापील साच्यातली आहे. 'माहिती ठेवतो' या शब्दांवरून आशाही धरू नका आणि निराशही होऊ नका. नाव पुन्हा आलं की एचआर ती नोंद उघडतं, खरा निकाल तिथे असतो.

टप्प्यावरून हिशेब असा. सीव्ही बघूनच बाजूला ठेवलं असेल तर तुमच्याविषयी कुणाचं काही मत झालेलंच नाही, सीव्ही दुरुस्त करून महिनाभरात अर्ज केला तरी चालतो. पगारावर किंवा नोटीस पिरियडवर अडलं असेल तर तो सगळ्यांत चांगला नकार, कारण पॅनलने तुम्हाला पास केलेलं असतं. तिथे अर्जाची वाटही न बघता थेट एचआरला फोन करावा. नोटीस 90 दिवसांवरून 30 वर आली असेल किंवा अपेक्षा खाली आणायची तयारी असेल तर तेवढंच सांगायचं. मेडिकलवर अडलं असेल तर रिपोर्टची प्रत मागा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन यांवर उपचार करून ताज्या रिपोर्टसह परत जाता येतं. रंग ओळखण्याच्या चाचणीत अडलं असेल तर ते बदलणार नाही. मग त्याच प्लांटमध्ये असा विभाग शोधायचा जिथे टायट्रेशनचा रंग किंवा गोळ्यांची नजरेने तपासणी हे काम नसतं.

तुमचं प्रकरण पॅनलचं आहे. पॅनलचं मत लिहून ठेवलेलं असतं आणि तेच दोघं पुन्हा समोर बसण्याची शक्यता मोठी. म्हणून मधल्या काळात काय बदललं, हे दाखवता आलं पाहिजे. बदललेलं काही नसेल तर सहा महिन्यांनी गेलात काय किंवा दोन वर्षांनी, नोंद तीच राहणार.

आता जाहिरात पुन्हा का आली? चार महिन्यांच्या अंतराने तीच जाहिरात येण्याची सर्वांत साधी कारणं दोन. ज्याला ऑफर दिली तो रुजूच झाला नाही. औषध कंपन्यांत नोटीस दोन-तीन महिन्यांची असते आणि तेवढ्या काळात जुनी कंपनी पगार वाढवून माणूस अडवून धरते. किंवा तो रुजू झाला आणि प्रोबेशनमध्येच सोडून गेला. तिसरं कारण म्हणजे जागा वाढल्या: नवी लाइन, नवी उपकरणं, निर्यातीचा नवा बाजार. जाहिरात नीट वाचा. जॉब आयडी तोच आहे की नवा? 'एकापेक्षा जास्त जागा' असं आहे का? कामाच्या वर्णनात एखादा शब्द वाढलाय का, उदाहरणार्थ 'स्टॅबिलिटी' (औषध साठवणीत किती टिकतं याची चाचणी) किंवा 'मेथड ट्रान्सफर' (चाचणीची पद्धत एका लॅबमधून दुसरीत नेणं)? आयडी नवा असेल तर भरतीची फाइलही नवी उघडते आणि तुमचा अर्ज रीतसर नवा धरला जातो. आयडी जुनाच असेल तर सॉफ्टवेअर 'तुम्ही आधीच अर्ज केला आहे' म्हणून अडवेल. तेव्हा एचआरला ईमेल हाच मार्ग.

अनेक कंपन्यांत पॅनलपर्यंत जाऊन नाकारलेल्या उमेदवाराला सहा महिने थांबवण्याचा नियम असतो. सगळीकडे नसतो, आणि असला तरी विभागप्रमुखाने नाव मागितलं तर एचआर तो शिथिल करतं. त्यामुळे अर्ज करण्याआधी एक ओळ विचारून घ्या: मागचा अर्ज अमुक महिन्यातला, या जाहिरातीसाठी माझा अर्ज ग्राह्य धरला जाईल का? उत्तर 'दोन महिन्यांनी करा' असं आलं तर तारीख लिहून ठेवा. तोही होकारच आहे.

नवा ईमेल आयडी अजिबात नको. मोबाइल, पॅन, जन्मतारीख यांवरून जुनी नोंद जुळतेच, आणि जुळली की 'लपवलं' अशी दुसरी नोंद पहिलीच्या शेजारी बसते. 'यापूर्वी आमच्याकडे अर्ज केला आहे का?' या रकान्यात सरळ 'होय' आणि महिना-वर्ष. अर्जाच्या शेवटी 'माहिती खरी आहे' म्हणून सही असते. ती खोटी निघाली तर नोकरी लागल्यावरही काढता येतं, आणि औषध कंपनीत डेटा इंटिग्रिटीचा, म्हणजे नोंदी खऱ्या आणि पूर्ण असण्याचा, विषय इतका गंभीर असतो की क्यूसीच्या माणसाची छोटी लपवाछपवीही कुणी सोडून देत नाही.

दोन सीव्ही समोरासमोर ठेवून तपासले जातात हेही लक्षात असू द्या. मागच्या वेळी रुजू झाल्याचा महिना जून लिहिला असेल आणि आता जुलै, तर खुलासा मागतील. पीएफच्या पासबुकात आणि सर्व्हिस हिस्ट्रीत तारखा दिसतात, त्याच सीव्हीत घाला. सध्याचा पगार वाढला असेल तर इन्क्रीमेंटचं पत्र जवळ ठेवा.

वेळ बघून पाठवा. चवथीच्या आठवड्यात, ऑडिट चालू असताना किंवा महिनाअखेरीला पगाराच्या धांदलीत कुणी ईमेल उघडत नाही. मंगळवार किंवा बुधवार, सकाळी दहा-साडेदहा ही वेळ बरी.

---

फोंडा_लॅब

बाय, अर्ज कर. पण आजच नको, दोन-तीन आठवडे घे आणि तेवढ्यात हे दोन प्रश्न पक्के कर. पॅनलने हेच दोन का विचारले ते समजलं की तयारी कशी करायची तेही समजेल. त्यांना पाठांतर ऐकायचं नसतं. आकडा हाताबाहेर गेला की ही मुलगी काय करील, हे बघायचं असतं.

डिसोल्यूशन घे. समज क्यू, म्हणजे ठरल्या वेळात विरघळायला हवं ते प्रमाण, 80 टक्के आहे. सहा गोळ्या लावल्या, पाच 88 ते 93 आल्या, एक 82 आली. काय करशील? बरेच उमेदवार एकतर 'पास, कारण 80 च्या वर आहे' म्हणतात नाहीतर 'ओओएस नोंदवीन' म्हणतात. दोन्ही चूक. एस1 टप्प्यात प्रत्येक गोळी क्यू अधिक 5, म्हणजे 85 किंवा जास्त हवी. 82 मुळे एस1 पार होत नाही, म्हणून आणखी सहा लावून एस2 ला जायचं. तिथे बारांची सरासरी 80 किंवा वर आणि एकही गोळी क्यू वजा 15, म्हणजे 65 च्या खाली नको. तिथेही अडलं तर आणखी बारा लावून एस3: चोविसांची सरासरी 80 किंवा वर, 65 च्या खाली दोनहून जास्त नकोत आणि 55 च्या खाली एकही नको. एस2 ला जाणं हा चाचणीचाच भाग आहे, ते अपयश नव्हे. पॅनलला ऐकायचं असतं ते हे वाक्य. त्यापुढे स्वतःहून एक जोड दे: नेहमी एस1 मध्ये पार होणारं प्रॉडक्ट अचानक एस2 ला जाऊ लागलं तर आकडा मर्यादेत असूनही ते पर्यवेक्षकाच्या कानावर घालीन, कारण तो ट्रेंड आहे. शिवाय पॅडलची उंची, तापमान 37 अधिक-उणे 0.5, माध्यमातली हवा काढली होती का, नमुना ठरल्या वेळी ओढला का, हे तपासीन. कुंडईत हे तू रोज करतेस, मग बोलताना का अडखळायचं?

आता ओओएस. पहिल्या तासात काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही, हे आधी सांग. द्रावणं टाकून द्यायची नाहीत. व्हायल, फ्लास्क, डायल्युशन सगळं जागेवर ठेवायचं. स्वतःच्या मनाने पुन्हा इंजेक्शन मारायचं नाही. क्रोमॅटोग्रामचं इंटिग्रेशन हाताने सरकवून आकडा आत आणायचा नाही. पर्यवेक्षकाला लगेच कळवायचं आणि ओओएसचा नंबर घ्यायचा. मग प्रयोगशाळेतली तपासणी: वजनाची प्रिंट, स्टँडर्डची पोटेन्सी आणि मुदत, डायल्युशनचा हिशेब, सिस्टम सुटेबिलिटी, कॉलम, उपकरणाचं कॅलिब्रेशन, गणित. चूक नेमकी सापडली आणि पुराव्याने दाखवता आली तरच पहिला निकाल रद्द होतो. सापडली नाही तर तपास उत्पादनाकडे सरकतो. पुन्हा चाचणी करायची झाली तर किती वेळा, हे आधी लिहून मंजूर झालेलं असतं, आणि शक्यतो ती दुसऱ्या विश्लेषकाच्या हातून. पास होईपर्यंत टेस्ट करत राहणं, यावरच परदेशी इन्स्पेक्टर बोट ठेवतात. अमेरिकेच्या एफडीएचं, म्हणजे तिथल्या औषध नियामकाचं, ओओएसवरचं मार्गदर्शन 2006 चं आहे आणि 2022 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. फुकट मिळतं, पानं थोडी आहेत, दोनदा वाच.

तिसरा प्रश्न एचपीएलसीवर येईल हे धरून चाल. रिटेन्शन टाइम (घटक कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) सरकतोय, का? एक कारण सांगून थांबू नकोस, क्रमाने बोल: मोबाइल फेज नव्याने केली का आणि पीएच जुळला का, कॉलम पुरता स्थिर झाला होता का, ओव्हनचं तापमान, पंपात हवा किंवा गळती. प्रेशर वाढलंय, का? फॉस्फेट बफर ॲसिटोनायट्राइलच्या जास्त प्रमाणात साका धरतो, मीठ फ्रिटवर, म्हणजे कॉलमच्या तोंडाच्या गाळणीवर, बसतं. म्हणून बफरचं काम संपल्यावर थेट मिथेनॉल सोडायचं नाही, आधी भरपूर पाणी असलेल्या मिश्रणाने, समज 90:10, कॉलम धुवायचा. असं कारणासकट बोललीस की समोरच्याला कळतं, या मुलीने हात घातलेला आहे.

आता सीव्ही. 'एचपीएलसी हाताळण्याचा अनुभव' ही ओळ शंभर जणांच्या सीव्हीत असते. त्या जागी असं काहीतरी हवं:

'तयार गोळ्यांचे ॲसे व रिलेटेड सबस्टन्सेस, आठवड्याला 12 ते 15 नमुने. एचपीएलसी कॅलिब्रेशन: फ्लो, वेव्हलेंथ, इंजेक्शन लिनिॲरिटी. ओओएस तपास: 2, विश्लेषक म्हणून सहभाग.'

आकडे तुझे खरे घाल. ओओएसच्या एकाही तपासात नसशील तर तसं लिहू नकोस. उलट आताच्या साहेबांना सांगून पुढच्या तपासात बस, चेकलिस्ट भरायला लाग. कॅलिब्रेशनचं, ऑडिट ट्रेल बघण्याचं काम मागून घे. सुधारित शेड्यूल एम (औषध कारखान्यांसाठीचे उत्पादनाचे नियम) डिसेंबर 2023 मध्ये अधिसूचित झाल्यापासून लहान युनिटांनाही कागदपत्रं आणि पद्धती नीट बसवाव्या लागल्या. तुमच्याकडे त्या निमित्ताने नवी एसओपी (कामाची लिखित कार्यपद्धती) लिहिली, उपकरणाचं क्वालिफिकेशन झालं, त्यात तुझा हात असेल तर ती ओळ सोन्यासारखी आहे. 'चार महिन्यांत काय बदललं' याला याहून चांगलं उत्तर नाही.

राज्याच्या एफडीएचं, म्हणजे बांबोळीच्या ऑफिसचं, केमिकल किंवा इन्स्ट्रुमेंटल टेस्टिंगसाठी अप्रूव्हल मिळालं असेल तर ते सीव्हीच्या पहिल्या पाच ओळींत हवं. नसेल आणि कंपनी नाव पाठवायला तयार असेल तर लगेच पाठवायला सांग. अप्रूव्हल त्या युनिटच्या नावाने असतं, कंपनी बदलली की नव्या कंपनीला पुन्हा अर्ज करावा लागतो. तरी एकदा मिळालेलं पत्र वजन राखून असतं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. अनुभवाचा पुरावा म्हणून आताच्या कंपनीचे क्रोमॅटोग्राम, एसओपीची पानं, लॉगबुकचे मोबाइलवर काढलेले फोटो मुलाखतीला नेऊ नकोस. ज्याला ते दाखवशील तो मनात म्हणेल, उद्या आमचेही असेच बाहेर जातील. अनुभवाचं पत्र, नियुक्तीपत्र, पगारपत्रक आणि तुला दिलेली प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं एवढं पुरे.

---

कांदोळी_हॉटेल

वरचं सगळं औषध कंपन्यांना लागू आहे. हॉटेलवाले वाचत असतील त्यांच्यासाठी जोडतो, कारण आपल्याकडे हिशेब वेगळा.

सीझन ऑक्टोबर ते मार्च. माणसं भरायचं काम पावसाळा सरत आला की सुरू होतं. मे-जूनमध्ये नकार आला तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'आता जागा मंजूर नाही' एवढाच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा जा, सहा महिने थांबलात तर सीझनच अर्धा निघून जाईल. मात्र साखळीतल्या हॉटेलांची नोंद एकत्र असते. केळशीच्या मालमत्तेत नाकारलेलं कांदोळीला दिसतं, त्यामुळे तिथेही लपवू नका.

किचनमध्ये ट्रेड टेस्टवर नाकारलं असेल तर कुठला पदार्थ आणि काय बिघडलं ते त्याच दिवशी शेफना विचारून घ्या, ते सांगतात. चव जमली पण स्टेशन घाण ठेवलं, कच्चं-शिजवलं एकाच बोर्डवर कापलं, वेळ टळली, अशी कारणं जास्त असतात. ती आठ दिवसांत सुधारता येतात. फ्रंट ऑफिसला भाषेवर अडलं असेल तर मात्र दोन-तीन महिने द्यावे लागतात. एक्झिक्युटिव्ह शेफ किंवा एचआर मॅनेजर बदलला की पुन्हा अर्ज करायला ती वेळ चांगली.

---

साखळी_42

सरकारी नोकरीवाल्यांसाठी थोडक्यात. गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत मागच्या जाहिरातीत राहिलात याचा पुढच्या जाहिरातीशी संबंध नाही, प्रत्येक वेळी नवी पाटी. तिथे गुणांइतकाच कागदांचा घोळ महागात पडतो: मामलेदारांकडचा 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, रोजगार विनिमय केंद्राची नोंदणी, जातीचा दाखला लागू असेल तर तो, आणि कोकणीचं ज्ञान. जाहिरात आल्यावर धावाधाव करू नका, आधीच काढून ठेवा.

---

वसाहत_कामगार

कॉन्ट्रॅक्टरच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो.

आधी त्याला विचारा, पीएफ कुणाच्या कोडवर कापणार? कंपनीच्या की त्याच्या? त्याच्या कोडवर कापत असेल तर नियुक्तीपत्रही त्याचं, अनुभवाचं पत्रही त्याचं. उद्या सीव्हीत तुम्ही मोठ्या कंपनीचं नाव लिहाल आणि पडताळणीत दुसरंच नाव येईल. कुंडईत तीन वर्षांची कायम नोकरी आहे, ती सोडून अशा जागी जाणं मला पटत नाही. नोकरीच नसलेल्याची गोष्ट वेगळी. त्याला तो दरवाजा उपयोगी पडतो, आतली माणसं काम बघतात.

दुसरं, तुम्ही थेट अर्ज करणार असाल तर त्याच जागेसाठी त्याला सीव्ही देऊच नका. एकच नाव दोन वाटांनी आलं की उमेदवार कुणी आणला, कमिशन कुणाला, यावर वाद होतो आणि वैतागून एचआर दोन्ही अर्ज बाजूला ठेवतं. दिला असेल तर 'या कंपनीसाठी माझं नाव पाठवू नका' असं आज व्हॉट्सॲपवर लिहून कळवा. तोंडी नको.

तिसरं, 'साहेबांना द्यायला' म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. पाच हजार असोत की पन्नास, भरतीसाठी उमेदवाराकडून पैसे घेण्याची रीत कुठल्याही नीट चालणाऱ्या कंपनीत नाही.

आणि माझं मत थोडं वेगळंही आहे. अर्ज जरूर करा, पण एकाच प्लांटच्या फाटकाकडे डोळे लावून बसू नका. तुमचा अनुभव वेर्ण्यातल्या दुसऱ्या प्लांटना, पिळर्ण-कोलवाळच्या बाजूलाही चालतो. दोन-तीन ठिकाणी मुलाखती झाल्या की बोलणंही सुधारतं, आणि हातात दुसरी ऑफर असली की पगाराची बोलणी सोपी जातात.

---

कुंडई_क्यूसी

सगळ्यांचे मनापासून आभार. जाहिरात पुन्हा वाचली. जॉब आयडी नवा आहे, आणि कामात 'स्टॅबिलिटी नमुन्यांचं विश्लेषण' ही ओळ वाढली आहे, मागच्या वेळी नव्हती. कॉन्ट्रॅक्टरला लिहून कळवलं. साहेबांना विचारून याच आठवड्यात एका ओओएसच्या तपासात बसले, कॅलिब्रेशनच्या वेळापत्रकातही नाव लागलं.

एचआरला पाठवायची ईमेल लिहिली आहे. बघाल का?

'आदरणीय मॅडम, मी मागे आपल्याकडे मुलाखत दिली होती परंतु दुर्दैवाने माझी निवड होऊ शकली नाही. त्या दिवशी मी थोडी घाबरले होते त्यामुळे काही उत्तरं नीट देता आली नाहीत. मला आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची मनापासून इच्छा आहे. कृपया मला आणखी एक संधी द्यावी ही नम्र विनंती.'

---

मडगाव_भरती

'दुर्दैवाने' आणि 'घाबरले होते' दोन्ही काढा. वाचणाऱ्याला तुमचा जुना अर्ज शोधायला लागणारी माहितीच यात नाही, आणि आता काय वेगळं आहे तेही नाही. विनवणी नको, माहिती द्या. असं करा:

विषय: क्यूसी ऑफिसर, जॉब आयडी (इथे क्रमांक), पूर्वीची उमेदवार

'नमस्कार. (महिना-वर्ष) मध्ये क्यूसी ऑफिसर पदासाठी मी पॅनल मुलाखतीपर्यंत आले होते. या पदाची नवी जाहिरात पाहिली. मधल्या काळात माझ्या कामात ओओएस तपास आणि एचपीएलसी कॅलिब्रेशन यांची भर पडली आहे. तपशील सोबतच्या सीव्हीत आहे. नोटीस पिरियड (दिवस). या जाहिरातीसाठी माझा अर्ज ग्राह्य धरला जाईल का, हे कृपया कळवावं. तसं असल्यास पोर्टलवर अर्ज भरते.'

खाली पूर्ण नाव, मागच्या अर्जातलाच मोबाइल, गाव. प्रत्यक्ष पाठवताना हेच इंग्रजीत लिहा, कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो. सीव्ही पीडीएफ करा, फाइलला नाव-पद-वर्ष असं नाव द्या, 'न्यू सीव्ही फायनल 2' नको. सात कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा फोन, दुपारी तीन-चारच्या सुमारास. त्यावरही काही आलं नाही तर सरळ पोर्टलवर भरून मोकळ्या व्हा.

नुसती एका ओओएसमध्ये बसलात, हे 'सहभाग: 1' असंच लिहा. अनेकवचन नको.

---

फोंडा_लॅब

स्टॅबिलिटीची ओळ वाढलीय म्हणजे प्रश्नही तिकडून येणार. ॲक्सिलरेटेड म्हणजे 40 अंश, 75 टक्के आर्द्रता, सहा महिने, हे पाठ असू दे. नमुना चेंबरमधून काढल्यावर किती दिवसांत टेस्ट व्हायला हवा हे एसओपीत ठरलेलं असतं, तुमच्याकडे किती आहे ते बघून जा. ॲसे हळूहळू उतरतोय आणि इम्प्युरिटी त्या मानाने वाढत नाहीये, तर काय समजायचं? हा प्रश्न पॅनलला आवडतो. उतरलेला भाग कुठे गेला, म्हणजे मास बॅलन्स, याचा विचार करायचा. पद्धत ती इम्प्युरिटी पकडतच नसेल, मुख्य पीकखाली दडली असेल, किंवा औषध डब्यात-फॉइलवर शोषलं जात असेल.

पॅनल तेच असेल तर पहिलाच प्रश्न येईल, 'मागच्या वेळेपासून काय केलंत?' तीन वाक्यांत उत्तर दे. 'मागच्या वेळी ओओएस आणि डिसोल्यूशनच्या टप्प्यांवर माझं उत्तर अपुरं होतं. त्यानंतर एका तपासात विश्लेषक म्हणून बसले आणि चेकलिस्ट भरली. कॅलिब्रेशनही आता माझ्याकडे आहे.' एवढं बोलून थांब. ते पुढे विचारतील ते त्या तपासाबद्दलच. तिथे प्रॉडक्टचं नाव किंवा बॅच नंबर सांगायचा नाही, 'एक फिल्म-कोटेड गोळी' म्हणायचं. ते नाव खोदून विचारतील आणि तू दिलं नाहीस, तर तेही त्यांना आवडेलच.

अर्जात कंपनीच्या बसचा पॉइंट विचारतात, तो रकाना मोकळा सोडू नकोस. फोंड्याहून पहिल्या पाळीची बस आहे का ते आधी विचारून घे. नसेल तर सकाळच्या पाळीला कशी पोचशील, हे एचआर फोनवर पहिल्यांदा विचारील.